अठ्ठ्याण्णव अंशांचं पाणी

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरत नाही. सून हायस्कूलात विज्ञान शिकवते. नववी-दहावीच्या प्रयोगवह्यांचे गठ्ठे ती रिक्षात घालून घरी आणते आणि भाजी फोडणीला टाकता टाकता लाल पेनानं सह्या करत बसते. बाहेर गॅलरीत कडुनिंबाची पिवळी पानं सारखी पडत असतात. झाडून घेतलं की पुन्हा पडतात. ऊन अजून चावत नाही, पण दुपारी भिंतीला हात लावला तर ती आतून तापायला लागल्याचं कळतं. आमच्या मराठवाड्यात हा पंधरवडा असाच असतो, कोरडा आणि चिडचिडा. नळ एक दिवसाआड येऊ लागतो आणि शाळाशाळांतून प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होतात.

मागच्या आठवड्यात सहज एक वही उचलली. पाण्याचा उत्कलनबिंदू काढणे. खाली मोत्यासारख्या अक्षरात वाचन : शंभर अंश सेल्सिअस. दुसरी उचलली. शंभर. तिसरी, चौथी, दहावी. सगळ्या पोरांचं पाणी शिस्तीत शंभराला उकळलेलं.

“वैशाली,” मी म्हटलं, “ह्या सगळ्यांनी प्रयोग केला?”

“नाना, वर्गात बेचाळीस मुलं आहेत. थर्मामीटर चार, त्यातले दोन फुटलेले. मी प्रयोग करून घेऊ की सह्या करू?”

“पण आपल्याकडं पाणी शंभराला उकळत नाही.”

तिनं मान वर केली नाही. “माहितीये मला. पुस्तकात शंभर आहे.”

तिला माहीत होतं, याचाच मला जास्त राग आला. माहीत नसतं तर सांगितलं असतं. मी वही ठेवली, उठलो, गॅलरीत जाऊन कडुनिंबाची पानं झाडू लागलो. खरं तर राग वैशालीवर नव्हताच. साठ वर्षांपूर्वीच्या अशाच एका पंधरवड्यात एक आकडा माझ्या हातून खोडला गेला. दर वर्षी ही पानं गळायला लागली की तो वर येतो.

हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. मी पिशोरचा, धनगराच्या घरचा. गावची शाळा संपली तेव्हा कुणीतरी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं की औरंगाबादेतलं एक जुनं हायस्कूल आता टेक्निकल झालंय, तिथं पोराला हातचं कामही शिकवतात. एका ट्रस्टची शाळा होती, आता ती राहिलेली नाही. आबा मला घेऊन आले तेव्हा खांद्यावर घोंगडी तशीच होती. कारकुनानं विषयांची यादी वाचून दाखवली. सुतारकाम, लोहारकाम, वीज, यंत्रांची चित्रं आणि शास्त्र.

“शास्त्र म्हंजी?” आबा म्हणाले. “पोथी-पुराण का?”

“नाही हो. पदार्थविज्ञान, रसायन. पाणी, हवा, उष्णता, असलं.”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. “पाणी-हवा व्हय? मग हे घाला. कामापुरतं लोखंड तर कुणीबी शिकवंल.”

आबांच्या ह्या एका वाक्यानं माझा जीव शास्त्रात अडकला. आणि शाळेत शास्त्र होतं ते बहुतेक कागदावर. शाळा भरायची एका जुन्या तबेल्यात. एके काळी तिथं कुणा जहागीरदाराचे घोडे बांधले जायचे. दगडी कमानी, उंच छत, जमिनीत अजून लोखंडी कड्या. सकाळभर एका टोकाला भाता धमधमायचा, दुसऱ्या टोकाला रंधे चालायचे. सागवानाचा भुसा आणि तापल्या लोखंडाचा वास कपड्यांत बसायचा, तो धुतला तरी जात नसे. दुपारी शास्त्राचा तास. पण प्रयोगशाळेची खोली उघडायची फक्त गुरुवारी, आणि त्या गुरुवारी कुठला सण, कुठली पुण्यतिथी, कुठल्या पाहुण्यांची भेट आली नाही तरच. आम्ही गुरुवारची वाट बघायचो. कान लोखंड घासणाऱ्या फायलींच्या करकरीनं किटलेले, हाताला घट्टे पडलेले, आणि तिकडं कपाटात ती काचेच्या चंबू-नळ्यांची रांग, धूळ खात, आमच्याकडं बघत. दारं जाळीची होती. जाळीतून बोट घालून मी एकदा एका नळीला स्पर्श केला होता. बस, तेवढाच. त्या कपाटाचा आणि माझा तीन वर्षांचा संबंध मोजला तर पुरा एक दिवस भरणार नाही.

त्या कपाटाच्या किल्ल्या हमीद मास्तरांच्या कमरेला असत.

हमीद मास्तर म्हणजे पन्नाशीचा, किडकिडीत, पांढऱ्या शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावणारा माणूस. शेरवानीच्या बाह्यांना तेजाबानं पडलेली बारीक भोकं होती. निजामाच्या राज्यात ते हैदराबादेत उर्दूतून विज्ञान शिकले होते आणि ह्याच शहरात वीस वर्षं त्यांनी ते उर्दूतून शिकवलं होतं. राज्य बदललं, भाषा बदलली. वरून कागद आला की शास्त्र मराठीतून शिकवायचं आणि शिकवणाऱ्यानं मराठीची लेखी परीक्षा पास व्हायची. मास्तरांना मराठी आमच्याइतकंच कळे, बोलताना ते दखनी मिसळत; पण लिहायला बसले की अक्षरं उजवीकडून डावीकडं पळायला बघायची. दोनदा बसले, दोनदा नापास झाले. मग त्यांना प्रयोगशाळेचा सहायक केलं. ज्या खोलीत वीस वर्षं फळ्यासमोर उभे राहिले, त्याच खोलीत ते बाटल्या धुऊ लागले. बाटल्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या त्यांच्याच हातच्या होत्या, वळणदार उर्दूत. त्या भिजवून, नखानं खरवडून काढायचं कामही त्यांच्याकडंच आलं. ते काम ते सावकाश करीत. एका दुपारी मी विचारलं, “मास्तर, राहू द्या की दोन-चार.” ते म्हणाले, “नक्को रे. नया लेबल लगेगा तो बच्चे पढ़ सकेंगे.” हे ते कडवटपणानं म्हणाले नाहीत. तेच मला सोसवलं नाही.

शिकवायला आले पाठक सर. तरणे, गोरे, कोकणातल्या समुद्रकाठच्या गावचे. मराठी इतकं स्वच्छ की आम्हाला अर्धं कळायचं नाही. माणूस वाईट नव्हता. त्यांच्यापुढं आम्ही साठ पोरं होतो, पुस्तकं वेळेवर आलेली नव्हती, परीक्षा महिन्यावर होती. त्यांनी रात्र-रात्र बसून टिपणं तयार केली आणि फळ्यावर उतरवून दिली. प्रयोग दुसरा : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणाच्या जागी आकडे आधीच भरलेले. आम्ही ते वहीत उतरवून घेतले. प्रयोग न करता प्रयोगवही पूर्ण झाली. त्या दिवशी वर्गाला हायसं वाटलं. मला मात्र असं वाटलं की जेवायला बसवून ताटाचं वर्णन वाचून दाखवलंय.

फेब्रुवारीत एका गुरुवारी खोली उघडली. पाठक सरांनी टेबलं मांडून घेतली आणि मला व शंकरला एका टेबलावर उभं केलं. शंकर फुलंब्रीचा, कुणब्याचा. रोज सायकलवर यायचा. धुळीनं त्याच्या पापण्या कायम भुऱ्या दिसायच्या. वीजकामात त्याच्या हाताला तोड नव्हती, पण तोंडानं कमी बोलायचा. तांब्याच्या उभ्या भांड्यात पाणी, खाली स्पिरिटचा दिवा, वर बुचातून खोचलेला थर्मामीटर. त्याचा फुगा पाण्यात बुडवायचा नसतो, पाण्याच्या वर वाफेत धरायचा असतो. स्पिरिटच्या निळ्या ज्योतीचा गोडूस, डोक्यात जाणारा वास. पारा चढत गेला. नव्वद, पंचाण्णव, सत्त्याण्णव. मग अठ्ठ्याण्णवावर थांबला. वाफ नुसती उधळत होती, झाकण थडथडत होतं, पण पारा जागचा हलेना.

“सर, अठ्ठ्याण्णवच्या वर जाईना,” मी म्हणालो.

पाठक सर आले, वाकून पाहिलं. “थर्मामीटर जुना आहे. निजामाच्या जमान्यातला. मी स्वतः केलाय हा प्रयोग, आमच्या गावच्या शाळेत. शंभर म्हणजे शंभर येतं. शंभर लिहा.”

“पण सर, दिसतंय तर...”

“परीक्षक तुझा पारा बघायला येणार नाहीत. वही बघतील.”

खोलीच्या कोपऱ्यात मोरीपाशी हमीद मास्तर बाटल्या विसळत होते. त्यांच्या हाताचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं. ते माझ्याकडं बघत होते, आणि मान अगदी हळू, नकारार्थी हलवत होते. पाठक सर वळले तसे ते पुन्हा विसळू लागले.

तास संपल्यावर मी रेंगाळलो. मास्तर कपाटाला कुलूप लावत म्हणाले, “थर्मामीटर ठीक है. बर्फ में रखके देखा मैं, सिफर पे, शून्यावर आता. पारा झूट नई बोलता.”

“मग पाठक सर म्हणतात ते?”

“वो बी झूट नई बोल रहे. उनके गाँव में सौ ही आता होयेंगा.” आणि हसले. “इतवार को खाली है क्या? खुलताबाद चलते.”

त्या रविवारची आठवण काढली की आजही छाती हलकी होते, आणि लगेच जड. आम्ही पहाटेच्या एस.टी.नं निघालो. मास्तरांनी थर्मामीटर मफलरमध्ये गुंडाळून छातीशी धरला होता, खड्डा आला की ते दोन्ही हात त्याच्यावर ठेवीत. मांडीवर छोटा स्टो. घाट चढताना पळस पेटलेला दिसत होता, एकेका झाडावर, पान एक नाही. वर थंडी होती. तटाच्या दरवाजाशी एका चहाच्या टपरीमागं आम्ही स्टो मांडला, भांड्यात पाणी घातलं. माणसं जमली. दर्ग्याला आलेली, बाजाराला आलेली. चहावाला म्हणाला, “मास्तर, पाण्याला ताप आलाय का?” सगळे हसले, मास्तर सगळ्यांत जास्त.

पारा चढला. पंचाण्णव. शहाण्णव. आणि सत्त्याण्णवाच्या रेषेला टेकून उभा राहिला. वाफ तशीच उधळत होती. मी खाली वाकून, डोळा रेषेच्या बरोबरीनं आणून पुन्हा पाहिलं. सत्त्याण्णव. पाणी तेच, थर्मामीटर तोच. फक्त आम्ही डोंगर चढून आलो होतो.

“अब समझा?” मास्तर म्हणाले. “ऊपर आओ तो हवा पतली. हवा का वो... वज़न... मराठीत काय म्हणतात रे, हवा वरून दाबती ते?”

“दाब,” मी म्हणालो.

“दाब!” त्यांनी खिशातून चिमुकली वही काढली आणि तो शब्द लिहून घेतला, डावीकडून उजवीकडं, एकेक अक्षर जपून. “हवेचा दाब कमी, तो पानी लवकर सुटता. समुंदर पे सौ. औरंगाबाद ऊँचा है, तो अठ्ठ्याण्णव. इधर सत्त्याण्णव. पुरानी किताब में पूरा सफ़ा, पूरा पान था इसपे. नये नोट्स में एक लाइन बी नई.”

“तुम्ही सांगा की पाठक सरांना.”

त्यांनी स्टो विझवला. “मैं बाटल्या धोनेवाला आदमी हूँ रे अभी,” म्हणाले. “वो पूछेंगे तो बोलूँगा. पूछे बगैर बोला तो उनकू लगेगा, बुड्ढा जगह माँग रहा.”

आजही मला ह्या वाक्याचा संताप येतो. एकाच छताखाली दोन माणसं होती. एकाकडं उत्तर होतं, दुसऱ्याकडं ते सांगायची भाषा आणि फळा. दोघांच्या मध्ये मोरीपासून टेबलापर्यंतचं, फार तर दहा पावलांचं अंतर. ते कुणी चाललं नाही. एक शिष्टाचारापायी, दुसरा घाईपायी. आणि मी? मला दोन्ही भाषा येत होत्या. सोमवारी सकाळी मी पाठक सरांच्या खोलीपर्यंत गेलोही. ते वह्यांवर सह्या करत होते. वर न बघता “काय रे?” म्हणाले. “काही नाही सर,” म्हणून परत आलो. तेव्हा सांगून टाकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरचे परीक्षक आले, जाडजूड, घामेजलेले, खिशात लाल पेन्सिल. नोकरवर्गानं परीक्षेच्या वेळी आत थांबू नये, असा त्यांचा हुकूम, म्हणून हमीद मास्तर व्हरांड्यात. चिठ्ठ्या उचलल्या. शेजारच्या टेबलावर शंकर, आणि दोघांच्याही चिठ्ठीत उत्कलनबिंदू. त्या वेळी वाटलं, केवढं नशीब. ह्या खोलीत, ह्या शहरात, हा प्रयोग माझ्याइतका कुणालाच कळलेला नाही.

आबांनी पत्र लिहवून पाठवलं होतं, पास झालास तर पॉलिटेक्निकला जा, नाहीतर मेंढरांमागं थोरला भाऊ एकटा पुरा पडत नाही, ये. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच सुरात लिहवून घेतल्या होत्या. ते पत्र खिशात होतं.

पाणी उकळलं. अठ्ठ्याण्णव. मी कागदावर लिहिलं, ९८. शाई ओली होती. शेजारी परीक्षक शंकरपाशी थांबले होते.

“हे काय लिहिलंस?”

“अठ्ठ्याण्णव, सर.”

“पाण्याचा उत्कलनबिंदू किती?”

शंकर म्हणाला, “दिसतंय तर अठ्ठ्याण्णव.”

“दोन अंशांची चूक! तीन वर्षं टेक्निकलला शिकून साधा थर्मामीटर वाचता येत नाही?” लाल पेन्सिलचा गोल मी ऐकला. खरोखर ऐकला, कागदावर शिसं फिरल्याचा आवाज. “नीट दिसतं का तुला?”

शंकर वाकून पुन्हा पाऱ्याकडं बघू लागला. त्याला कारण माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ‘सर, हे शहर उंचावर आहे, हवेचा दाब इथं कमी आहे’, एवढं एक वाक्य. मी ते मनात दोनदा म्हटलंही. तोवर परीक्षक माझ्या टेबलाकडं वळले होते. मी ओल्या ९८ वर अंगठा ओढला. डाग पडला. त्याच्या शेजारी लिहिलं, १००.

“छान,” ते म्हणाले. “स्वच्छता ठेवत जा.”

बाहेर आलो तर व्हरांड्यात हमीद मास्तर उभेच. “कौनसा आया?” मी सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. “फिर? कितना लिखा?”

“अठ्ठ्याण्णव,” मी म्हणालो.

“लिखा?”

“हौ मास्तर. लिखा.”

त्यांनी मला मिठीत धरलं. शेरवानीला फिनेलचा वास येत होता. एवढ्यात पाठक सर आतून आले, हातात आमच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. आणि आयुष्यात पहिल्यांदा हमीद मास्तर न विचारता त्यांच्याशी बोलले. “पाठकसाहेब, देखो, इस लड़के ने अठ्ठ्याण्णव लिखा! जो देखा वो लिखा! शाब्बास बोलो उसकू.”

पाठक सरांनी माझ्याकडं पाहिलं. माझा कागद गठ्ठ्यात वरच होता, डागासकट. त्यांनी सावकाश गठ्ठा उलटा केला.

“हो,” ते म्हणाले. “शाब्बास.”

त्या दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. दार लावलं. मला वाटलं, चिडतील. पण त्यांनी विचारलं, “खरंच अठ्ठ्याण्णव येतं का रे इथं?”

“हो सर. खुलताबादला सत्त्याण्णव आलं.”

“तू केलंस?”

“हमीद मास्तरांबरोबर.”

“समुद्रसपाटी,” ते पुटपुटले. “मी शिकलोय हे. अभ्यासाला होतं मला. लक्षातच आलं नाही, आमचं गाव समुद्रावरच होतं म्हणून.” मग एकदम, दुखावल्यासारखं, “मला कुणी सांगितलं का नाही?”

मी विचारलं, “सर, शंकरचं काही करता येईल का?”

“गुण गेले,” ते म्हणाले. “परीक्षकांनी पाकीट मोहरबंद करून नेलं.” नंतर मला कळलं की त्यांनी वर अर्ज केला होता. त्याला उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षीच्या टिपणांत त्यांनी उंचीचा परिच्छेद घातला, असंही ऐकलं. आणि त्याचं श्रेय हमीद मास्तरांना द्यायला ते गेले, तोवर मास्तर नोकरी सोडून मुलीकडं हैदराबादला निघून गेले होते. कायमचे. तिथंच वारले.

शंकर प्रात्यक्षिकात नापास झाला. लेखी चांगली असूनही निकाल अडकला. पुन्हा बसला नाही. मी उत्तम गुणांनी पास झालो, पॉलिटेक्निकला गेलो, सरकारी नोकरीत धरणांवर-कालव्यांवर पाण्याची मोजमापं घेत निवृत्त झालो. नोकरीत कुणी वाचन ‘जुळवून’ लिहायला सांगितलं की माझा असा भडका उडे की साहेब लोक दचकत. हाताखालच्यांना वाटे, काय तत्त्वाचा माणूस आहे. मी त्यांना कधी खरं सांगितलं नाही. त्या रागात तत्त्व फार थोडं होतं.

सूनबाईच्या वह्या पाहिल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी मी बसनं फुलंब्रीला गेलो. साठ वर्षांत हे अंतर कधी कापलं नव्हतं. आता तर शहर फुलंब्रीपर्यंत पोचत आलंय, मध्ये मोकळं रान शोधावं लागतं. शंकरचा पत्ता विचारायला लागला नाही. पंपाच्या मोटारी भरून देणारा शंकरदादा, पंचक्रोशीत विहिरीवरची मोटार जळली की त्याच्याकडं. पत्र्याच्या शेडमध्ये तो तांब्याची तार गुंडाळत बसला होता. दोन पोरं हाताखाली. वार्निशचा वास. त्याच्या पापण्या अजून भुऱ्या होत्या. का कोण जाणे, मला तो लगेच ओळखता आला आणि त्यालाही मी.

“सोपान? पिशोरचा? ये की. बस.”

चहा झाला. पोराबाळांचं झालं. मग मी सगळं सांगितलं. खुलताबाद, हवेचा दाब, माझा अंगठा, हमीद मास्तरांपाशी बोललेलं खोटं. त्यानं तार गुंडाळणं थांबवलं नाही, पण वेढे मोजायचे तो विसरला असावा, कारण मध्येच थांबून त्यानं पाच-सहा वेढे उलगडले आणि पुन्हा घातले.

“म्हंजी अठ्ठ्याण्णवच व्हतं,” तो म्हणाला.

“अठ्ठ्याण्णवच.”

“आणि तुला ठावं व्हतं.”

“होतं.”

तो रागावेल, शिवी देईल, उठून जा म्हणेल, मी त्याचीच वाट बघत होतो. खरं तर त्यासाठीच आलो होतो. तो हसला. तेही नीट हसला नाही. तार दातांत धरून तोडली, बाजूला ठेवली, हात पुसले.

“परीक्षेत तुझं शंभर आलं, साहेब छान म्हणला, म्हणून मला वाटायचं माझंच डोळं गेल्यात,” तो म्हणाला. “घरी जाऊन बापाला सांगितलं, साहेब म्हणला मला दिसत नाय. बाप मला घिऊन पार औरंगाबादच्या बाजारात, गुलमंडीला आला. चष्म्याच्या दुकानात. लई येळ तपासलं त्यांनी, वरची अक्षरं, खालची अक्षरं. मी समदी वाचली, पार तळाची बारकी बी. दुकानदार म्हणला, पाटील, पोराचं डोळं ठणठणीत हायत, चष्मा लागत नाय.”

बाहेर कुणीतरी मोटार घेऊन आलं होतं, हाका मारत होतं. शंकरनं लक्ष दिलं नाही.

“बाप काय ऐकंना. म्हणला, डोळं ठणठणीत हायत, तर मग ह्याला बरोबर दिसत कसं नाय?”